एक पॉइंट पंच्याऐंशीच्या वर

आमच्या घरात व्होल्टेज हा शब्द सगळ्यांत जास्त कोण वापरत असेल, तर आई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण संध्याकाळी बल्बची तार निखाऱ्यासारखी लाल झाली की ती चुलीपुढून न उठता सांगायची, "गिरण चालू केलान." कान दिला की खरंच गावाच्या दुसऱ्या टोकाला भातगिरणीची धडधड ऐकू यायची. आमचं घर लाइनीच्या शेवटाला होतं. खांबावरून खांबावर येता येता वाटेतली घरं आपापला घास घेत, आणि उरलेली वीज आमच्यापर्यंत पोचायची. ट्यूब हाताने फिरवल्याशिवाय पेटत नसे. टीव्हीच्या खाली ठेवलेला स्टॅबिलायझर पालीसारखा टकटक करत राहायचा. पाहुण्याने भात कमी घेतला तर आई म्हणायची, "याचा व्होल्टेज कमी हाय आज." मी सभेवरून येऊन न बोलता बसले की मलाही तेच. आटगाव स्टेशनवर उतरून चालत घरी येताना एका चढावरून भातसानगरच्या धरणाच्या बाजूचा उजेड दिसायचा. तिथे थांबून मी रोज एकदा मनातल्या मनात पत्रक लिहायचे. पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं आणि आमच्या पोरांना अभ्यासाला रॉकेलचा दिवा. मागणी क्रमांक एक, पूर्ण दाबाची वीज. मी तेव्हा एका संघटनेत पूर्ण वेळ होते, आणि जगातली प्रत्येक गोष्ट मला मागणीच्या रूपातच दिसायची. अजूनही दिसते. सवय गेलेली नाही, पत्रकं छापणारे गेले.

आई धवलारीण होती. बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे लग्नात भटजी येण्याआधी आणि आल्यावरही बायका धवला म्हणतात. हळद, मांडव, घाणा, प्रत्येक विधीला त्याचा धवला. तो म्हणणारी ती धवलारीण. तिच्याशिवाय हळद लागत नाही. आईला खर्डीपासून मुरबाडपर्यंत बोलावणं असायचं. ती एकटी जात नसे. शेजारची सोनूकाकी तिची जोडीण. आई ओळ उचलायची आणि काकी ती ओळ खाली ठेवायची. अर्धी ओळ एकीची, अर्धी दुसरीची, मधे श्वासाची फटही नाही. आणि एकदा सुरू केलेला धवला मधे तोडायचा नाही, हा आईचा नियम. एका लग्नात वावटळीने मांडवाचा खांब कलंडला, लोक ताटं टाकून पळाले, आणि या दोघी त्याच खांबाला पाठ लावून शेवटापर्यंत म्हणत राहिल्या. "तोडला तर नवरीचा संसार तुटतो," असं काकी सांगायची. आई एवढं सांगत बसत नसे. "सुरू केलं ते पुरं करायचं," एवढंच.

माझा थोरला भाऊ, भरतदादा, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. कल्याणला हार्डवेअरचा कोर्स करून आलेला. सुटे भाग आणून त्याने घरीच कॉम्प्युटर जोडला आणि भाताच्या कणगीशेजारी टेबल टाकून मांडला. लग्न शूट करायचं, कॅसेटवरचं कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची, आणि उतरवलेल्यावर मिक्सिंग करून गिऱ्हाइकाला सीडी द्यायची. मिक्सिंग म्हणजे नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येणार, नावं गोल फिरणार, आणि मूळचा सगळा आवाज काढून टाकून त्यावर सिनेमाची गाणी. गिऱ्हाइकाला तेच हवं असे. म्हणजे ज्या ज्या लग्नात आईने धवला म्हटला आणि दादाने शूटिंग केलं, त्या प्रत्येक सीडीत आईचं तोंड हलतं आणि आवाज सिनेमातल्या बाईचा येतो. आईला त्याचं काही वाटायचं नाही. ती पदर तोंडाला लावून हसायची. "माज्या तोंडात कुनाचा गळा घातलास रे, भरत?"

काकी म्हणायची, "बरा घातलान गो. तुझ्यापेक्षा तर गोड हाय."

"मग तिलाच ने पुढच्या लग्नाला. चालत येते का बघ मुरबाडपर्यंत."

मी मात्र दादाशी भांडायचे. आपल्या बायकांचा आवाज पुसून तू बाजाराचा आवाज वर चिकटवतोस, असं बरंच काही. दादा माऊस हलवत म्हणायचा, "पत्रक काढ."

मुरबाडकडच्या एका लग्नाहून आल्यावर आईला ताप भरला आणि त्या तापातच ती गेली. आजार, दवाखाना, धावपळ यांतलं मला फार आठवत नाही आणि आठवून लिहायचंही नाही. घर बायकांनी भरलं होतं. मी चहा करत होते. कोणीतरी म्हणालं, पोर रडत नाय, तिला रडवा. सोनूकाकीने मला धरून हलवलं. मला काही झालं नाही. हे मी धीराची गोष्ट म्हणून सांगत नाही. आत काहीच हलत नव्हतं, एवढंच. तेराव्यानंतर मी पुन्हा सभांना जायला लागले, घोषणा दिल्या, आणि घोषणेतला संताप नेहमीसारखाच निघाला. तो कुठून निघत होता ते मला अजून कळलेलं नाही.

मग एक दिवस दादाने मला कणगीपाशी बोलावलं. मुरबाडच्या लग्नाची सीडी त्याने देऊन टाकली होती, पण उतरवलेलं कच्चं शूटिंग हार्ड डिस्कवरून पुसायचं राहिलं होतं. त्यात हळदीचा धवला पहिल्यापासून शेवटापर्यंत होता, मूळ आवाजासकट. आईचा आवाज एवढाच उरला होता. कॅसेटवर केव्हाच दुसरं लग्न चढलं होतं. दादाने ते लावलं. बाबा ओट्यावर दोर वळत बसले होते. ते उठून म्हशीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी ऐकलं. स्पीकर फाटत होता, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

दादाच्या मनात होतं की वर्षश्राद्धाच्या आत त्याची सीडी करायची, आणि जिथे जिथे आईने हळद लावली त्या घरांत द्यायची. पण कच्चं शूटिंग एवढं मोठं असतं की ते सीडीत मावत नाही. आधी ते बारीक करावं लागतं. त्याला रेंडर म्हणतात. कॉम्प्युटर एकेक चित्र घेतो, दाबतो, पुढे सरकतो. दादाच्या मशीनला त्या अख्ख्या धवल्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ सलग वीज आमच्याकडे नसायची. लोडशेडिंगचे दिवस. वीज यायची, पट्टी सरकायला लागायची, अर्ध्याच्या पुढे जायची, आणि वीज जायची. यूपीएस थोडा वेळ पिपाणी वाजवायचा आणि मरायचा. पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, "तुकडे कर ना. चार तुकडे कर, मग जोड."

"धवला तोडत नाय."

"अरे, धवला नाय, फाइल हाय ती."

"आईचा हाय." तो स्क्रीनकडेच बघत होता. "लोकांचं तोडलं, जोडलं. हे नाय तोडणार."

आज कोणीही सांगेल की तुकडे करून जोडले असते तर ऐकणाऱ्याला कळलंही नसतं. दादालाही ते माहीत होतं. पण आमच्या घरात जो वाढला त्याच्या हाताने ते होणं शक्य नव्हतं. तेव्हा एकच वाट उरली. वीज वाढत नाही तर मशीनचा वेग वाढवायचा.

ही विद्या त्याला कोर्समधल्या एका मित्राने शिकवली होती. प्रोसेसरला ठरवून दिलेला एक वेग असतो. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरून तो वाढवता येतो. पण वेग वाढवला की प्रोसेसरला जास्त व्होल्टेज लागतं, नाहीतर तो मधेच अडतो. दादाच्या प्रोसेसरचं मूळचं व्होल्टेज एक पॉइंट साठ होतं. तो रोज थोडा वेग वाढवायचा, मशीन अडलं की थोडं व्होल्टेज वाढवायचा. निळ्या स्क्रीनवर आकड्यांची यादी होती. एक पॉइंट पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर. एक पॉइंट पंच्याऐंशीला यादी संपली. त्याच्या खाली काही नव्हतं. तिथे मशीन चालायचं, पण लांबलचक रेंडरमध्ये शेवटच्या भागात येऊन अडायचं. अजून थोडं मिळालं असतं तर पट्टी पुरी झाली असती, असं दादाचं म्हणणं.

"कुणी ठरवलंय एवढंच द्यायचं?" मी विचारलं.

"बोर्ड बनवणाऱ्यांनी."

"आपल्याला न विचारता."

"तुला विचारायला येतील आता. आटगावला उतरून रिक्षा करून," दादा म्हणाला.

त्याच सेटिंगमध्ये आणखी एक पान होतं. त्यावर बोर्ड स्वतः मोजून दाखवायचा की प्रत्यक्षात किती व्होल्टेज जातंय. दादाने ते उघडलं आणि मला खुर्चीवरून ओढून पुढे घेतलं. यादीत एक पॉइंट पंच्याऐंशी ठेवलेलं असताना तिथे एक पॉइंट एकोणऐंशी दिसत होतं. आई गेल्यापासून दादा पहिल्यांदा हसला. "बघ. हितंपन कमीच येतंय."

मला ते लगेच पटलं. पटणारच. दोनशे तीस लिहायचं आणि एकशे सत्तर द्यायचं, यावर तर माझं पत्रक होतं. बाबांना सांगितलं, त्यांनाही पटलं. सोनूकाकीला पटलं. "कागदावं एक नि घरात एक," ती म्हणाली. लिहिलेल्यापेक्षा कमी मिळणं म्हणजे कोणीतरी मधे खाल्लं, हे आम्हांला शिकवावं लागत नाही. मदरबोर्डाची गोष्ट वेगळी होती. भिंतीतली वीज कमी-जास्त झाली तरी बोर्ड आपलं व्होल्टेज स्वतः बनवून घेतो, आणि ताण आला की ते जरासं खाली येतं. कोणी खात नसतं. पंच्याऐंशीची हद्द बोर्डावरचे भाग त्याच्यापुढे तापून टिकत नाहीत म्हणून घातलेली होती. हे मला फार नंतर कळलं, एका सभेत शेजारी बसलेल्या इंजिनियरकडून, सहज बोलता बोलता. मी त्याला चहा दिला आणि माईक बघायला उठले.

हद्द ओलांडायला पेन्सिल लागते. हे मला तेव्हा खोटं वाटलं होतं. बोर्डावर व्होल्टेज सांभाळणारी एक चिप असते. तिच्या शेजारी तिळाएवढा एक रेझिस्टर असतो. त्याच्यावर पेन्सिल घासली की शिसं वीज वाहून नेतं, चिपची फसगत होते, आणि ती यादीतल्या शेवटच्या आकड्याच्याही वर व्होल्टेज सोडते. जास्त घासलं की जास्त. मित्राने दादाला सांगितलं होतं, अगदी हलका हात, आणि दर वेळी मीटर लावून बघ. दादाने हलकाच हात लावला. मीटरवर एक पॉइंट ब्याण्णव आलं. मशीन अडलं. पुन्हा घासलं. एक पॉइंट सत्त्याण्णव.

"बास ना आता," मी म्हटलं.

"मीटर लावलाय हितं. प्रोसेसर तिकडं. जाता जाता पडंलच की."

त्याने बोर्डाकडे असं बोट दाखवलं की मला चिप म्हणजे गिरणीजवळचा ट्रान्सफॉर्मर दिसला आणि प्रोसेसर म्हणजे आमचं घर. बोटभर अंतर होतं मधे. पण लाइनीच्या शेवटाला राहणाऱ्या माणसाला बोटभर अंतरातही वीज पडणार हे ठाऊक असतं. त्याने आणखी एकदा पेन्सिल फिरवली. दोन पॉइंट शून्य चार. त्या आकड्यावर मशीन अडलं नाही.

दुपारी वीज आली तेव्हा तो तयार होता. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून टेबलफॅन आत फिरवला होता. उन्हाळा होता, पत्रे तापले होते, बाबांनी छपरावर पेंढा टाकून पाणी मारलं होतं. सोनूकाकी पाखडायला तांदळाचं सूप घेऊन आली आणि उंबऱ्याशी बसली. तिला बघायचं होतं. बाबा या वेळी ओट्यावरच बसून राहिले. दादाने बटण दाबलं. आवाज बंद होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात आई आणि काकी मांडवात बसलेल्या, छोट्या दिसत होत्या, आणि एकेक चित्र अडखळत पुढे जात होतं. खाली पट्टी.

"कुठवर आलं?" काकी तांदूळ पाखडता पाखडता विचारायची.

"नवरीच्या मामाला हळद लावतायत," दादा म्हणाला.

"मग अजून बरंच हाय." थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"करवली उठली."

"हां. तितं तुझ्या आयेचा गळा चढतो."

पट्टी नेहमी जिथे अडायची ती जागा गेली. दादाने माझ्याकडे बघितलं. काकीने सूप खाली ठेवलं. मला आठवतंय, मी तेव्हा सीडीच्या वेष्टनावर काय लिहायचं याचा विचार करत होते. आईचं नाव कधी कुठल्या लग्नाच्या पत्रिकेत आलं नव्हतं. ते मोठ्या अक्षरात टाकायचं, असा.

फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. एकदा, मग लागोपाठ. मग जळका, आंबूस वास. दादाने हात पुढे केला, तेवढ्यात डब्याच्या मागच्या बाजूने फाट् झालं आणि स्क्रीन काळा झाला. बोर्डावरचे गोल नळकांड्यासारखे भाग वरून फुटले होते आणि त्यांतून तपकिरी काहीतरी बाहेर आलं होतं. दादाने वायर ओढून काढली.

काकी म्हणाली, "लाइट गेली कं?"

लाइट गेली नव्हती. टेबलफॅन फिरत होता.

बोर्डाने जाताना पॉवर सप्लाय नेला आणि पॉवर सप्लायने हार्ड डिस्क. दादा ती कल्याणला घेऊन गेला, मग मुंबईला. दोन ठिकाणी ती हातात घेऊन परत दिली. तिच्या स्वतःच्या सर्किटच्या पाटीवर एक भोक पडलं होतं, आरपार. दादा घरी आला, डिस्क कणगीवर ठेवली आणि जेवला. भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. बाबांनी त्याला दोनदा वाढलं. हद्द कोणी ठरवली म्हणून तावातावाने विचारणारी मीच होते. त्याच आठवड्यात मी लोडशेडिंगवर पत्रक लिहिलं. आजवरचं सगळ्यांत कडक, असं लोक म्हणाले. लिहिताना मला काहीही वाटत नव्हतं. दादाने नंतर शूटिंग सोडलं. आता तो शहापूरला इन्व्हर्टर दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाने जास्त मागितलं तर देत नाही, वाद घालत बसतो.

मी काकीला घेऊन मुरबाडला गेले. म्हटलं, गिऱ्हाइकाला दिलेली सीडी तरी बघू, तोंड हलतंय त्यावरून काकी शब्द सांगेल. नवरीच्या घरच्यांनी कौतुकाने टीव्ही लावला. मी आवाज बंद करायला सांगितला. काकी पुढे सरकून बसली. आई दिसली, ओठ हलले, काकीचे ओठ हलायला लागले, आणि चित्र बदललं. जेवणाची पंगत. मग नवऱ्याचे बूट. मग पुन्हा आई, पण भलत्याच ठिकाणी. काकीने दोन-तीनदा सूर धरून बघितला. मग पाठ भिंतीला टेकवली. "हे काय तरी भलतंच हाय गो. कुटं धरू नि कुटं सोडू?"

मी तिला म्हटलं, घरी गेल्यावर तूच म्हण, तुला सगळा येतो, मी टेपवर भरून घेते. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. लग्नाबिगर धवला म्हणायचा नसतो, हे मला कळायला हवं होतं.

पुढच्या हंगामात खर्डीजवळच्या एका पाड्यावर तिला बोलावणं आलं. ती एकटीच गेली. जोडीण घे म्हणून घरच्यांनी सांगितलं होतं, तिने घेतली नाही. मी संघटनेचा टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या मागे बसले. नवरा पाटावर बसला, हळदीची वाटी पुढे आली, आणि काकी गप्पच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग अर्ध्या ओळीपासून तिने उचललं, तिचा स्वतःचा भाग, आणि ओळ खाली ठेवली. पुन्हा गप्प. आईच्या अर्ध्या ओळीला जेवढा वेळ लागायचा तेवढीच गप्प, आणि मग पुन्हा तिचा अर्धा.

"काकी, पुरं म्हना की," मांडवातून कोणी पुरुष म्हणाला.

तिने मान न वळवता हात वर केला. दुसऱ्या एकीने हळूच विचारलं, "तो भाग तुला येत नाय कं?"

"येतो," काकी तिच्या गप्प राहण्याच्या जागेत म्हणाली. "माज्या तोंडाचा नाय तो." आणि वेळेवर आपली ओळ धरली.

मग हळद लावणाऱ्या बायकाही त्या रिकाम्या जागेत हात थांबवायला लागल्या आणि काकीचा आवाज आला की पुन्हा लावायला लागल्या. टेपवर तिथे भांड्यांचा आवाज आहे, कोणाचं तरी मूल कुरकुरतंय, लांब कुठे ट्रॅक्टर आहे. माझं बोट रेकॉर्डरच्या बटणावर होतं. धवला बराच मोठा होता. तो संपेपर्यंत मी टेप थांबवली नाही.